कुंडी, घडा आणि गाडगे : नगर जिल्ह्यातील घरगुती बागेचा इतिहास

‘कुंडी’ हा शब्द मुळात पाण्याचा आहे. संस्कृतातील ‘कुण्ड’ या शब्दाच्या कुळात तो जन्मला. गोठ्यापुढे जनावरांना पाणी पाजण्यासाठी ठेवलेली दगडी कुंडी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना याचा पुरावा निराळा द्यायला नको. आज मात्र कुंडी म्हटले की डोळ्यांपुढे येते ते रोप: गुलाबाचे, कढीपत्त्याचे, कोरफडीचे. पाणी धरणारे भांडे माती धरू लागले. अर्थाचा हा प्रवास घरातल्या घरात, सावकाश झाला आणि इतिहासकारांनी त्याची दखल घेतली नाही. बागेचा इतिहास लिहायचा म्हणजे कारंजी, हौद आणि चारबाग यांविषयी लिहायचे, अशी आपली एक समजूत आहे. अंगणात, ओट्यावर, मोरीच्या तोंडाशी जी बाग असते ती त्या इतिहासात बसत नाही.

प्रस्तुत लेखात ही दुसरी बाग पाहायची आहे. प्रदेश निवडला आहे तो पूर्वीचा अहमदनगर जिल्हा, २०२४ पासून अधिकृतपणे अहिल्यानगर. (बोलण्यात तो ‘नगर’च आहे, आणि या लेखातही तसाच येईल.) निवडीचे कारण हवामानाशी निगडित आहे. जेथे पाऊस भरवशाचा असतो तेथे झाड लावणे ही हौस असू शकते. जेथे तो नसतो तेथे प्रत्येक रोपामागे एक हिशेब असतो: हे पाणी कोठून आले, कोणी वाहून आणले आणि ते पिण्याऐवजी झाडाला का घातले. नगर जिल्ह्यातील बागेचा इतिहास हा या हिशेबाचा इतिहास आहे, आणि त्याची साधने घडा, कुंडी व गाडगे या तीन मातीच्या भांड्यांत विखुरलेली आहेत.

एकाच जिल्ह्यात दोन आभाळे

जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला अकोले तालुका आहे. महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर, १६४६ मीटर उंचीचे कळसूबाई, याच तालुक्याच्या सीमेवर उभे आहे. रतनवाडी, घाटघर या गावांवर पावसाळ्यात काही हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो. तेथून पूर्वेकडे निघावे तो सह्याद्रीची पाठ लागते, ढग रिकामे होतात, आणि नगर, पारनेर, पाथर्डी, कर्जत, जामखेड या पर्जन्यछायेतील तालुक्यांना साधारण पाच-सहाशे मिलिमीटरवर वर्ष काढावे लागते. तेवढाही पाऊस वेळेवर येईल याची शाश्वती नाही. १८७६ ते ७८ चा दुष्काळ, १८९६-९७ चा, त्याच्या पाठोपाठ आलेला १८९९-१९०० चा, पुढे १९७२-७३ चा, आणि आपल्या पिढीने पाहिलेली २०१२-१३ व २०१५-१६ ही टँकरची वर्षे: या प्रदेशाची कालगणना राजांपेक्षा दुष्काळांवरूनच अधिक नेमकी करता येते.

यात एक विपर्यास दडलेला आहे. ज्या अकोल्यात इतका पाऊस पडतो, तेथेही डोंगरउतारावरच्या वाड्यांवर चैत्र-वैशाखात बायांना हंडा घेऊन दूर जावे लागते. पाणी उतारावरून वाहून गेलेले असते. प्रवरेवरचे भंडारदरा धरण १९२६ साली पुरे झाले. त्याच्या कालव्यांनी खालच्या राहुरी-श्रीरामपूर भागात ऊस उभा राहिला, साखर कारखाने आले. धरणाच्या वरच्या अंगाला राहणाऱ्यांची तहान मात्र त्या पाण्याने भागली नाही. म्हणजे पाऊस किती पडला यापेक्षा पडलेले पाणी कोणाच्या अंगणात थांबले, हा प्रश्न येथे मोठा आहे. तो राजवाड्यापासून झोपडीपर्यंत सर्वत्र विचारता येतो.

राजाची बाग

प्रथम राजवाड्याकडेच जाऊ. मलिक अहमद याने १४९० मध्ये बहमनी सैन्याचा पराभव करून निजामशाहीचा पाया घातला आणि त्यानंतर थोड्याच वर्षांत आपल्या नावाचे शहर वसवले. या शहराभोवती बागा झाल्या. हश्त बिहिश्त बाग, म्हणजे ‘आठ स्वर्गांची’ बाग, आणि त्याहून प्रसिद्ध फराह बाग. फराह बागेचा महाल एका विस्तीर्ण तलावाच्या मध्यभागी उभारलेला होता. मुर्तजा निजामशहाच्या कारकिर्दीत, १५८३ च्या सुमारास, तो पुरा झाला. चहूबाजूंनी पाणी आणि त्यावरून येणारा वारा, अशी ती उन्हाळ्याशी केलेली तडजोड होती. आज तेथे भग्नावशेष आहेत, आणि तलावाच्या जागी कोरडी जमीन.

पर्जन्यछायेतील शहरात हे पाणी आले कोठून? कापूरवाडी, वडगाव, शहापूर, भिंगार अशा भोवतालच्या गावांकडून भाजलेल्या मातीचे नळ जमिनीखालून घालून ते शहरात आणले होते. या खापरी नळांच्या जाळ्याची नोंद १८८४ साली प्रसिद्ध झालेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरने सविस्तर घेतली आहे. उताराचा अचूक अंदाज, चुन्याचे सांधे, जागोजागी हौद असे ते काम होते. कौतुक करावे असेच ते आहे. पण त्याची अट एकच होती: नळ दुरुस्त ठेवणारी सत्ता टिकली पाहिजे. मोगलांनी १६०० साली किल्ला जिंकला, १६३६ मध्ये निजामशाही संपली, आणि धनी गेल्यावर बागा ओसाड होत गेल्या. राजाच्या बागेला पाणी दुरून येते आणि म्हणून ती दुरूनच तोडता येते.

तेव्हाही शहरात घरे होती आणि घरांपुढे तुळशी होत्या. मात्र तवारिखांत त्यांना जागा नाही. त्या शोधायच्या तर साधने निराळी वाचावी लागतात, किंवा ओळखीची साधने निराळ्या रीतीने वाचावी लागतात.

कच्चे घडे

असे एक ओळखीचे साधन म्हणजे गोविंद रघुनाथ दाभोलकर ऊर्फ हेमाडपंत यांचे ओवीबद्ध ‘श्री साईसच्चरित’. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात रचलेला हा ग्रंथ घरोघर पारायणासाठी वाचला जातो. बागेच्या इतिहासासाठी तो कोणी उघडत नाही. त्याच्या पाचव्या अध्यायात साईबाबांच्या शिर्डीतील सुरुवातीच्या दिवसांची एक हकीकत आहे. गावात एक पडीक, उकिरड्यासारखी जागा होती. बाबांनी ती साफ केली, राहात्याहून झेंडू, जाई, जुई यांची रोपे आणली आणि तेथे लावली. वामन तात्या नावाचे एक गृहस्थ त्यांना रोज मातीचे दोन कच्चे घडे देत. बाबा स्वतः विहिरीचे पाणी शेंदून, घडे खांद्यावर घेऊन झाडांना पाणी घालीत. संध्याकाळी ते घडे कडुनिंबाच्या तळाशी ठेवले की फुटून जात, कारण ते भाजलेले नव्हते. दुसऱ्या दिवशी पुन्हा दोन नवे घडे. हा क्रम तीन वर्षे चालला. पुढे त्याच जागेवर बापूसाहेब बुट्टींचा वाडा झाला, आणि १९१८ नंतर तोच समाधिमंदिर झाला.

भाविकाला यात देहाच्या क्षणभंगुरतेचे रूपक दिसते, आणि ते दिसणे स्वाभाविक आहे. कच्चा घडा हे भक्तिपरंपरेतील जुनेच प्रतीक आहे. पण रूपकाकडे जाण्याच्या घाईत ज्या वास्तवावर ते उभे आहे ते नजरेआड होऊ नये. कोपरगाव भागातले हे गाव पर्जन्यछायेतले. बाग लावणाऱ्याकडे जमीन नाही, मोट नाही, गडी नाही. आहे ती एक विहीर आणि दोन खांदे. दोन घड्यांत जेवढे पाणी मावेल आणि दिवसभरात जेवढ्या खेपा होतील, तेवढीच बाग. राहात्याहून आणलेली रोपे ही किंमती झाडे नव्हेत. झेंडू, जाई, जुई ही देवाला वाहायची, कोणाच्याही अंगणात असणारी फुले आहेत. पुणतांब्याचे गंगागीर महाराज या पाणी वाहणाऱ्या माणसाला पाहून थबकले, असे हेमाडपंत सांगतात. संताला ओळखणाऱ्या संताची ती कथा आहेच; शिवाय नगर जिल्ह्यात पाणी वाहणे हे काम किती सर्वसाधारण मानले जाई, हेही तीत सूचित होते. एरवी हे काम कोणी थांबून पाहण्यासारखे नव्हतेच. ते बाईने केले तर चरित्रात येण्याचा प्रश्नच नव्हता.

तुरुंगातील वाफे

दुसरे साधन तुरुंगातून आले आहे. ८ ऑगस्ट १९४२ रोजी मुंबईच्या गोवालिया टँक मैदानावर ‘छोडो भारत’चा ठराव झाला. ९ तारखेच्या पहाटे काँग्रेस कार्यकारिणीच्या नेत्यांना अटक करून रेल्वेने नगरच्या किल्ल्यात आणले गेले. नेहरू, पटेल, मौलाना आझाद, आचार्य नरेंद्र देव, गोविंद वल्लभ पंत, शंकरराव देव यांच्यासह बारा जण तेथे बंदिवान झाले. सुमारे पावणेतीन वर्षे त्यांनी या किल्ल्यात संसार मांडला. संसार हा शब्द मुद्दाम वापरला आहे, कारण १९४६ साली प्रसिद्ध झालेल्या आझादांच्या ‘गुबार-ए-खातिर’ या उर्दू पत्रसंग्रहात राजकारणापेक्षा पहाटेचा चहा, खोलीत घरटी करणाऱ्या चिमण्या आणि स्वयंपाक्याची फजिती यांनाच जास्त जागा मिळाली आहे. कधीही टपालात न पडलेली ती पत्रे म्हणजे एका सक्तीच्या घराचे वर्णन आहे. याच काळात, एप्रिल १९४३ मध्ये, आझादांच्या पत्नी झुलेखा बेगम कलकत्त्यात वारल्या. चहाच्या आणि चिमण्यांच्या त्या गोष्टी या दुःखाच्या शेजारी बसून वाचाव्या लागतात.

नेहरूंनी त्याच आवारात १९४४ च्या एप्रिल ते सप्टेंबर या महिन्यांत ‘द डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ लिहिले. ग्रंथाच्या पहिल्याच प्रकरणात ते आपल्या बागकामाविषयी सांगतात. ऊन तापले तरी ते तासन् तास फुलांचे वाफे खणीत. माती फार वाईट होती: दगड, जुन्या बांधकामाचा राडारोडा, त्याखाली त्याहून जुने अवशेष. खणताना पुरातन भिंतींचे भाग, घुमटांचे माथे लागले. एकदा तर एका भिंतीवर दगडात कोरलेले सुंदर कमळ सापडले. खोल खणण्याला अधिकाऱ्यांची परवानगी नव्हती. चांदबीबीची आठवण ओघाने येते. मग कुदळ ठेवून आपण लेखणी घेतली, असा त्या कथनाचा कल आहे.

साहित्याच्या वर्गात हा उतारा इतिहासलेखनाचे रूपक म्हणून शिकवण्याचा मोह होतो. येथे मात्र त्यातील मातीकडे पाहायला हवे. निजामशाहीने ज्या आवारात पाणी खेळवले, तेथेच साडेतीन शतकांनंतर एक कैदी राडारोड्यातून वाफे काढू पाहतो आहे. राजाच्या बागेची माती झालेली आहे, आणि त्या मातीवर चालू शकते ती फक्त रोज हाताने करायची, लहान मापाची बाग. आणखी एक गोष्ट त्याच प्रकरणात आहे. १९४३ चा बंगालचा दुष्काळ. वर्तमानपत्रांतून त्याच्या बातम्या किल्ल्यात पोचत होत्या आणि नेहरूंनी त्यावर अत्यंत व्यथित होऊन लिहिले आहे. फुलांचे वाफे आणि भुकेने मरणारी माणसे एकाच प्रकरणात, काही पानांच्या अंतराने येतात. लेखकाने त्या दोहोंचा सांधा जुळवलेला नाही. वाचकाने तो जुळवायला हवा, कारण दुष्काळी मुलखात फूल आणि भाकरी हे प्रश्न कधीच वेगळे नसतात.

फुटका माठ

आता घराकडे. मराठी घरातील सर्वांत जुनी कुंडी म्हणजे तुळशीवृंदावन: चौकोनी, बांधीव, कमरेएवढ्या उंचीवर माती धरणारी. रोजचा एक तांब्या पाणी हा तिचा हक्क. दुष्काळात घरातील इतर सर्व वापर आखडला तरी हा तांब्या सहसा चुकत नाही. धर्मभावनेचा हा भाग आहेच. शिवाय एका तांब्यावर जगेल एवढेच झाड अंगणात ठेवण्याचे ते एक प्रमाण आहे.

तुळशीखेरीज जी बाग असते ती परसात, आणि ती उरलेल्या पाण्याची असते. मोरीचे सांडपाणी जेथे जाते तेथे अळू, कर्दळ, केळ. तांदूळ-डाळ धुतल्याचे पाणी मिरचीला, कढीपत्त्याला. वेलवर्गीय भाज्या छपरावर चढवायच्या, म्हणजे जमीन अडत नाही आणि पत्र्याची तलखी कमी होते. भांडी म्हणाल तर तेलाचे रिकामे पत्र्याचे डबे, गळकी घमेली, आणि फुटका माठ. गळू लागलेला माठ पाण्याला निरुपयोगी होतो. तडा गेला असल्याने निचऱ्याची सोय मात्र त्यात आपोआप झालेली असते. त्याचे तोंड मोकळे केले की तो कुंडी होतो. लेखाच्या आरंभी शब्दाचा जो प्रवास पाहिला तो हाच. पाण्याचे भांडे फुटल्यावर मातीचे भांडे होते.

या व्यवहारामागे चांगले शास्त्र आहे. कुंडीतली माती जमिनीपेक्षा लवकर तापते आणि लवकर वाळते, कारण तिच्या चारही बाजू उघड्या असतात. मातीची कुंडी तर अंगातूनही पाणी सोडते. भांडे जितके लहान तितके हे नुकसान अधिक. म्हणून उन्हाळ्यात कुंड्या एकमेकींना चिकटवून, कडुनिंबाच्या किंवा भिंतीच्या सावलीला ठेवतात, काही अर्ध्या जमिनीत पुरतात, वर उसाचे पाचट किंवा पालापाचोळा पसरतात. नव्या झाडाजवळ पाण्याने भरलेले मडके गळ्यापर्यंत पुरायची रीतही आपल्याकडे आहे. मडक्याच्या सूक्ष्म छिद्रांतून पाणी पाझरते; भोवतालची माती कोरडी असेल तर ती ते ओढून घेते, ओली असेल तर पाझर मंदावतो. झाडाला हवे तेव्हाच पाणी मिळते. चीनमध्ये दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका शेतीग्रंथात ही पद्धत लिहून ठेवलेली आहे. आपल्याकडे ती सासूकडून सुनेकडे आली.

१९७२ साली या सगळ्याची परीक्षा झाली. गावेच्या गावे खडी फोडण्याच्या कामावर गेली, सुकडी आणि मिलो ज्वारीवर दिवस निघाले, आणि त्याच संकटातून पुढे रोजगार हमी योजना उभी राहिली. जी बाई दिवसभर खडी फोडून संध्याकाळी पाण्याच्या रांगेत उभी राहते, तिच्या परसात काय उरणार? रोपे गेली. जमिनीत काही नव्हते तेव्हा उतरंडीत काय होते, हा प्रश्न म्हणूनच महत्त्वाचा ठरतो. हे तिसरे भांडे.

गाडग्यातले बी

घडा पाणी वाहतो, कुंडी माती धरते, गाडगे बी राखते. राखेत घोळलेले, कडुनिंबाचा पाला घातलेले, तोंड लिंपून उतरंडीला किंवा चुलीच्या धुरात ठेवलेले बी. एक पाऊस चुकला तर दुसऱ्यापर्यंत थांबण्याची ही तजवीज. संकरित बियाणे आल्यापासून बी दरसाल विकत घ्यायची सवय लागली आणि गाडगी रिकामी झाली. त्या गाडग्यांबरोबर वाणही गेले.

अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी ही गाडगी पुन्हा भरली. महादेव कोळी समाजातील, शाळेत न गेलेल्या या शेतकरी बाईंनी आपल्या परसात वाल, घेवडा, भात, पालेभाज्या, वेलभाज्या यांची जुनी वाणे जमवली, वाढवली आणि इतर बायांना दिली. बी न्यायचे ते पुढे परत देण्याच्या बोलीवर, असा तो व्यवहार. ‘बायफ’ या संस्थेच्या साहाय्याने त्यांच्या घरीच बियाणे बँक उभी राहिली. २०१८ मध्ये बीबीसीने जगातील शंभर स्त्रियांच्या यादीत त्यांचे नाव घेतले, त्याच वर्षीचा नारी शक्ती पुरस्कार त्यांना मिळाला, आणि २०२० मध्ये पद्मश्री जाहीर झाली. ‘बीजमाता’ म्हणून त्या आज ओळखल्या जातात.

हा गौरव योग्यच आहे. पण त्यांच्याकडे केवळ एक असामान्य व्यक्ती म्हणून पाहिले तर आपण पुन्हा तवारीखकाराचीच चूक करू. त्यांनी जे केले ते त्यांच्या आईने, आजीने, शेजारणींनी केलेलेच काम होते. फरक इतका की ते थांबत आले असताना त्यांनी ते थांबू दिले नाही. जुन्या वाणांचे मोल लहरी हवामानात अधिक कळते. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये महाराष्ट्रभर गारपीट झाली आणि उभी पिके काही मिनिटांत गेली. एकच वाण, एकाच वेळी पेरलेले, एकाच वेळी काढणीला आलेले असेल तर एक गारपीट पुरते. परसबागेत मात्र दहा जातींची दहा झाडे वेगवेगळ्या महिन्यांत फुलतात. सगळीच एकदम जात नाहीत. लहानपणा आणि मिश्रण हेच तिचे संरक्षण.

वाचनाचा प्रश्न

साहित्याच्या विद्यार्थ्यांना आणि शिक्षकांना हे सांगायचे प्रयोजन काय? ज्या जिल्ह्यात नेवाशाला ज्ञानेश्वरी सांगितली गेली, त्या जिल्ह्याला पाण्याच्या आणि माळ्याच्या प्रतिमा नव्या नाहीत. माळी नेईल तिकडे मुकाट जाणाऱ्या पाण्याचा ज्ञानेश्वरांचा दृष्टान्त आपण अहंकारत्यागाचे उदाहरण म्हणून शिकवतो. तो दृष्टान्त श्रोत्यांना चटकन कळला, कारण पाटाचे पाणी वळवणे त्यांनी केलेले होते. प्रतिमेच्या मुळाशी असलेला हा व्यवहार वर्गातल्या मुलांना ठाऊक नसेल, तर प्रतिमेचा अर्थ पाठ होतो, उमगत नाही.

राजाच्या बागेसाठी गॅझेटियर आहे. घराच्या बागेसाठी पोथीतला एक प्रसंग, तुरुंगातल्या ग्रंथातली काही पाने, जात्यावरच्या ओव्या आणि वयस्क बायकांची स्मरणशक्ती एवढीच साधने आहेत. त्यांतली शेवटची दोन झपाट्याने संपत चालली आहेत. १९७२ साली संसार करणाऱ्या बाया आज सत्तरी-ऐंशीच्या आहेत. दुष्काळात कोणते झाड जगवले, कोणते सोडून दिले, सांडपाणी कोठे नेले, कोणते बी कशात ठेवले, हे त्या नेमके सांगतात. विचारणारे मात्र बहुधा त्यांना देवाची गाणीच विचारतात. मराठी विभागांनी लोकसाहित्य गोळा करताना गाण्याबरोबर हे प्रश्नही विचारावेत, आणि उत्तरे त्यांच्याच शब्दांत, त्यांच्याच बोलीत लिहून घ्यावीत. वाणाचे नाव गेले की वाण शोधणेही कठीण होते. बी आणि शब्द या दोन्ही गोष्टी नगर जिल्ह्यातल्या बायांनी आजवर एकाच गाडग्यात ठेवल्या आहेत.